मुस्तफा घरी का आला नाही?

मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली. त्याआधीच्या पोरांची एबीसीडीशी गाठ पडायची पाचवीत, वयाच्या दहाव्या वर्षी. त्यामुळे १९९०च्या दशकात सांगली, मिरज, कऱ्हाड, साताऱ्याच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये काचेमागे जी मोठाली इंग्रजी अक्षरं झळकायची, ती वाचण्याच्या फंदात कुणी पडत नसे. ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’ हे त्यातल्या एका गेमचं खरं नाव. ‘डायनासोर’ कळला असता, कारण ‘ज्युरासिक पार्क’ १९९४ साली हिंदीत येऊन गेला होता. पण कॅडिलॅक ही गाडी आमच्यापैकी कुणी पाहिलेली नव्हती. आमच्याकडं लांब गाडी म्हणजे ॲम्बॅसिडर, आणि तीही आमदार-खासदारांची.

कॉइन टाकलं की पडद्यावर चार चेहरे यायचे. प्रत्येकाखाली नाव. जॅक टेनरेक, हॅना डंडी, मुस्तफा कैरो, मेस ओब्राडोविच. यातलं ओळखीचं नाव एकच होतं. मिरजेत तर ते शेजारच्या गल्लीतलं नाव. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या उरुसात हाक मारली तर चार जण वळून बघतील असं. शिवाय पिवळी टोपी घातलेला हा मुस्तफा चौघांत सगळ्यात चपळ. पळत येऊन हवेत लाथ मारली की दोन गडी आडवे. मग काय, गेमचंच नाव मुस्तफा झालं. नाना पाटेकरांचा ‘गुलाम-ए-मुस्तफा’ १९९७ साली आला तेव्हा आमच्या वर्गातल्या अर्ध्या पोरांना तो या गेमवरचा पिक्चर वाटला होता.

हे बारसं एका गावात झालेलं नाही. भारतभर, आणि पाकिस्तान-बांगलादेशातही, पोरांनी एकमेकांना न विचारता या गेमचं हेच नाव ठेवलं. जपानी कंपनीनं अमेरिकी चित्रकथेवर केलेल्या गेमला तिसऱ्याच मुलखातल्या पोरांनी दिलेलं नाव इतकं पक्कं बसलं, की आजही चाळिशीतल्या माणसाला ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’ म्हटलं तर तो गप्प राहतो आणि ‘मुस्तफा’ म्हटलं की खुर्चीत सरसावून बसतो.

या प्रकरणात मला एकाच प्रश्नाचा पाठपुरावा करायचा आहे. पार्लरमधले बहुतेक गाजलेले गेम आज ना उद्या घरी आले. कुणी कॅसेटवर आला, कुणी सीडीवर, कुणी वीस वर्षांनी डाउनलोड होऊन. मुस्तफा मात्र १९९३पासून आजतागायत कुठल्याही घरगुती कन्सोलवर अधिकृतपणे आलेला नाही. जुन्या कन्सोलवर कुठला गेम यायला हवा होता, असं आमच्या पिढीला विचारलं तर पहिलं नाव हेच निघतं. मग तो का आला नाही?

आधी पार्लर कसं असायचं ते सांगतो, कारण उत्तराचा एक धागा तिथं आहे. एसटी स्टँडच्या आसपासचा एखादा बोळ, नाहीतर थिएटरच्या बाजूचा गाळा. दाराला मळकट पडदा, आत दिवसाही अंधार. चार-पाच मशिनं. मशिनचं खोकं इथल्याच सुतारानं प्लायवूडमध्ये ठोकलेलं, वर सनमायका. आत रंगीत टीव्हीची नळी, वीजपुरवठ्याचा डबा आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेला सर्किट बोर्ड. समोर फळीवर हँडल आणि बटणं. गल्ल्यावरच्या माणसाला रुपया द्यायचा, तो पितळी कॉइन देणार. वीज गेली की डाव गेला. कॉइन परत मागायची हिंमत मोठ्या पोरांतच असायची. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत, तंबू टॉकीज आणि मौत का कुआँच्या शेजारी, हीच मशिनं टेम्पोतून आलेली मी पाहिली आहेत. जनरेटरवर चालणारी, पडद्यावर सतत एक आडवी रेघ वर सरकत राहणारी.

खेळायचं काय, तर मारामारी. डावीकडून उजवीकडं चालत जायचं, येतील त्यांना लोळवायचं. एकूण आठ स्टेज. एका बटणानं ठोसा, दुसऱ्यानं उडी. दोन्ही एकदम दाबली तर चौफेर ‘स्पेशल’, पण त्यात स्वतःची थोडी पावर जाते. म्हणजे घेरलो गेल्यावर रक्त देऊन सुटका विकत घ्यायची. हा हिशेब एवढा नेमका जमवलेला होता, की कधी स्पेशल मारायचा आणि कधी मार खात थांबायचं यावरून खेळणाऱ्याची पारख व्हायची. हा कुस्तीचा मुलूख. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत ऑलिंपिकचं कांस्यपदक मिळवलं, सांगलीजवळच्या कवठेपिरानचे मारुती माने हिंदकेसरी झाले. त्यामुळे पडद्यावरच्या डावांना आम्ही तालमीतलीच नावं द्यायचो. गडी धरून डोक्यावरून फेकला की ‘धोबीपछाड’. मेस हा दांडगा गडी, त्याला ‘पैलवान’. दुसऱ्या स्टेजचा बॉस दोन्ही हातांत सुरे घेऊन यायचा. त्याचं मूळ नाव बुचर आहे हे मला फार उशिरा कळलं, पण आमच्यात तो ‘खाटीक’च होता. भाषा न कळताही भाषांतर बरोबर झालं होतं.

गोष्ट काय चाललीय ते मात्र कुणालाच माहीत नव्हतं. आम्हाला वाटायचं डायनासोर मारायचे आहेत. प्रत्यक्षात उलटं आहे. मार्क शुल्ट्झ या अमेरिकी चित्रकारानं १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘झेनोझोइक टेल्स’ नावाची चित्रकथा सुरू केली. पृथ्वीवर मोठा उत्पात होतो, माणसं जमिनीखाली जाऊन राहतात, शेकडो वर्षांनी वर येतात तेव्हा धरती पुन्हा डायनासोरांनी भरलेली असते. जॅक टेनरेक हा जुन्या गाड्या दुरुस्त करणारा मेकॅनिक, आणि निसर्गाचा तोल सांभाळला पाहिजे असं मानणारा माणूस. त्याची कॅडिलॅक चालते ती डायनासोरच्या विष्ठेपासून केलेल्या इंधनावर. गोबरगॅसवर भाकरी खाल्लेल्या सातारा-सांगलीच्या वाचकाला ही कल्पना समजावून सांगावी लागणार नाही. गेममधले खलनायक म्हणजे डायनासोरांची चोरटी शिकार करणारी टोळी. शुल्ट्झची कृष्णधवल रेखाटनं इतकी घोटीव आहेत, की पुढं ‘प्रिन्स व्हॅलियंट’सारख्या दीर्घजीवी चित्रमालिकेचं लेखन त्याच्याकडं आलं. ‘झेनोझोइक टेल्स’चे मात्र चौदाच अंक निघाले, शेवटचा १९९६ साली.

या कथेवर १९९३ साली अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर तेरा भागांची कार्टून मालिका आली आणि त्याच वर्षी जपानच्या कॅपकॉमनं हा आर्केड गेम काढला. ‘स्ट्रीट फायटर २’ काढून कॅपकॉम तेव्हा जगाच्या शिखरावर होती. मुस्तफा पाहताना ते जाणवतं. गाडीच्या टपावरून उडणारे गुंड, उजेड-सावलीत रंग बदलणारं जंगल, आणि एक अख्खी स्टेज खुद्द त्या कॅडिलॅकमध्ये बसून समोरच्यांना उडवत जाण्याची.

आता ‘पोर्ट’ म्हणजे काय ते पाहू. लोकांना वाटतं, गेम एका मशिनवरून दुसऱ्यावर कॉपी करायचा. तसं होत नाही. तासगाव-कवठेमहांकाळकडचा द्राक्ष बागायतदार हे लवकर ओळखेल. थॉमसन जातीची वेल आपल्या खारवट, कमी पाण्याच्या जमिनीत तग धरत नाही, म्हणून आधी डॉगरिजचा खुंट लावतात आणि त्यावर थॉमसनचं कलम बांधतात. फळ तेच हवं असतं, पण मुळं इथल्या मातीला मानवणारी लागतात. पोर्ट म्हणजे हे कलम. आर्केडचा बोर्ड ही एक माती, घरगुती कन्सोल ही दुसरी. चित्रं नव्या रंगसंख्येत बसवायची, आवाज नव्या चिपसाठी पुन्हा बांधायचे, प्रोग्रॅमचा बराच भाग नव्यानं लिहायचा. इम्युलेटर ही वेगळी वाट आहे. तिथं कलम न करता मूळ मातीच कृत्रिमरीत्या तयार करतात. संगणक स्वतःच आर्केडच्या बोर्डाचं सोंग घेतो आणि मूळ प्रोग्रॅमला फरक कळत नाही.

मुस्तफाची मूळ माती सुपीक होती. कॅपकॉमच्या ‘सीपी सिस्टिम’ बोर्डाची ही सुधारलेली आवृत्ती. मोटोरोला ६८००० हा प्रोसेसर १२ मेगाहर्ट्झवर चालणारा, पडद्यावर हजारो रंगांची सोय, आणि क्यू-साउंड नावाची खास ध्वनियंत्रणा. प्रोग्रॅम, चित्रं आणि आवाज मिळून साधारण साडेसात मेगाबाइटचा ऐवज. आज व्हॉट्सॲपवर येणारा लग्नाचा व्हिडिओ याहून मोठा असतो, पण १९९३ साली हा डोंगर होता.

समोर घरगुती कन्सोल काय होते? जगात तेव्हा सेगाचं मेगा ड्राइव्ह आणि निन्टेंडोचं सुपर निन्टेंडो यांची लढाई चालू होती. मेगा ड्राइव्हचा प्रोसेसर त्याच ६८००० घराण्यातला, पण वेग साडेसात मेगाहर्ट्झच्या आसपास. पडद्यावर एका वेळी रंग ६४. आणि खरी अडचण ‘स्प्राइट’ची. हलणारं प्रत्येक चित्र लहान लहान तुकडे जोडून बनतं. त्या तुकड्यांना स्प्राइट म्हणतात. मेगा ड्राइव्ह एका आडव्या ओळीत फार तर २० स्प्राइट दाखवू शकतं. त्यापुढचे त्या ओळीत दिसतच नाहीत, चित्र लुकलुकायला लागतं. मारामारीच्या गेममध्ये तर सगळे एकाच पट्ट्यात उभे असतात, उरुसातल्या रांगेसारखे. दोन खेळाडू, सहा गुंड, मागून धावत येणारा डायनासोर. ओळ तिथंच भरते.

अशा वेळी कापाकापी करावी लागते. त्याचं प्रसिद्ध उदाहरण कॅपकॉमच्याच ‘फायनल फाइट’चं. १९९०च्या अखेरीस तो सुपर निन्टेंडोवर आला तो एका मेगाबाइटच्या कॅसेटमध्ये. तिघांपैकी गाय नावाचा गडी गाळला, एक अख्खी स्टेज गाळली, आणि दोघांनी मिळून खेळायची सोयच काढून टाकली. दोन मित्रांनी एकत्र मारामारी करायचा गेम, आणि तो एकट्यानं खेळायचा. मला हे आजही खटकतं. फळ आलं, पण गोडी गेली. ‘कॅप्टन कमांडो’ आणि ‘नाइट्स ऑफ द राउंड’ हे आमच्या पार्लरमधले आणखी दोन लाडके गेम पुढं सुपर निन्टेंडोवर आले, तेही असेच अंग चोरून.

आणि ही झाली जगाची गोष्ट. सांगलीतल्या घरात तेव्हा यातलं काहीच नव्हतं. आमच्याकडं होते ते आठ बिटी निन्टेंडोच्या नकला. ‘टर्मिनेटर’, ‘मीडिया’ अशा नावांचे खोके आणि त्यात खुपसायच्या पिवळ्या कॅसेटी, ज्यांच्यावर ‘९९९९ इन १’ असं छापलेलं असायचं आणि आत तेच वीसेक गेम फिरून फिरून यायचे. त्या मशिनच्या कामचलाऊ मेमरीचं माप दोन किलोबाइट. एका ओळीत स्प्राइट आठ, प्रत्येक आठ ठिपके रुंद, म्हणजे सगळे मिळून ६४ ठिपके. मुस्तफा आणि त्याच्यासमोरचा एक गुंड लाथ उगारून उभे राहिले, की ओळ संपली. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही त्या खोक्यावर प्रत्येक कॅसेट घालून मुस्तफा शोधायचो. दुकानदार म्हणायचा, पुढच्या महिन्यात येणार आहे. तो येणं शक्यच नव्हतं, हे मला ही आकडेवारी हाती आल्यावर कळलं. त्या वयात कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

पण यंत्राची ही सबब फार वर्षं टिकत नाही. १९९०च्या दशकाच्या मध्यावर प्लेस्टेशन आणि सेगा सॅटर्न आले. मुस्तफाचा सख्खा भाऊ म्हणावा असा, तीन राज्यांच्या चिनी महाकथेवरचा ‘वॉरियर्स ऑफ फेट’ त्यांच्यावर जपानमध्ये आलाही. २०००नंतर तर कुठलाही कन्सोल साडेसात मेगाबाइट चुटकीसरशी पेलू शकत होता. २०१८ साली कॅपकॉमनं आपल्या जुन्या मारामारीच्या सात गेमचा एकत्र संच काढला. त्यात ‘फायनल फाइट’ होता, ‘कॅप्टन कमांडो’ होता, कधीच घरी न आलेले ‘आर्मर्ड वॉरियर्स’ आणि ‘बॅटल सर्किट’सुद्धा होते. मुस्तफा नव्हता. यंत्र आता आडवं येत नव्हतं. आडवा येत होता कागद.

सातबाऱ्यावर चार नावं असली की जमिनीचं काय होतं, हे आपल्याकडं कुणाला सांगायला नको. मुस्तफाच्या उताऱ्यावरची नावं मोजा. प्रोग्रॅम, चित्रं, संगीत कॅपकॉमचं. पात्रं आणि कथा मार्क शुल्ट्झची. आणि शीर्षकातच बसलेलं ‘कॅडिलॅक’ हे जनरल मोटर्सच्या मालकीचं नाव. १९०९पासून ती कंपनी तिच्याकडं आहे. १९९३ साली कार्टून, खेळणी, गेम असं सगळं एकदम निघत होतं, तेव्हा या हक्कांची मोट बांधणं सोपं होतं. मालिका तेरा भागांत संपली, चित्रकथा थांबली, आणि मोट सुटली. आता पुन्हा गेम काढायचा तर प्रत्येकाच्या दारात जायला हवं, आणि तिशी उलटलेल्या गेमसाठी तेवढा खर्च करायला कुणी तयार होत नाही. माझ्या मते खरी गाठ इथं आहे.

त्या मोट बांधलेल्या काळातच एक चुकामूक झाली. १९९४ साली सेगाच्या सीडी कन्सोलवर ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’ नावाचा गेम खरंच आला. पण तो रॉकेट सायन्स गेम्स या कंपनीचा, निराळाच: गाडी हाकायची आणि गोळ्या झाडायच्या. नाव घरी आलं, मुस्तफा दारातच राहिला.

अशी कागदात अडकलेली बाकीची मंडळी पाहिली म्हणजे आशा कुठं धरावी ते कळतं. कोनामीचा ‘द सिम्पसन्स’ १९९१चा. तो २०१२ साली दोन कन्सोलवर डाउनलोडच्या रूपात आला आणि थोड्याच काळात दुकानातून काढून घेतला गेला. कोनामीच्याच ‘एक्स-मेन’चंही २०१०नंतर तसंच झालं. परवान्याची मुदत संपली की गेम विकता येत नाही. पण दुसऱ्या बाजूला ‘एलियन व्हर्सेस प्रेडेटर’ पाहा. कॅपकॉमचा १९९४चा, सिनेमाच्या हक्कांत गुंतलेला, पंचवीस वर्षं घराबाहेर. २०१९ साली कॅपकॉमच्या नावानं टीव्हीला जोडायचा आर्केड संच निघाला, त्यात तो आला. आणि ‘द पनिशर’, मुस्तफाच्याच वर्षीचा, त्याच बोर्डावरचा, मार्व्हलच्या मालकीचा नायक असलेला. मेगा ड्राइव्हवर त्याची एक उतरलेली आवृत्ती निघाली होती. मूळ आर्केड रूप घरगुती कन्सोलवर यायला २०२४चा सप्टेंबर उजाडला. एकतीस वर्षं लागली, पण सह्या झाल्या.

म्हणून जुन्या कन्सोलसाठी नवे पोर्ट मागणाऱ्यांना मी स्वप्नाळू म्हणत नाही. २०१९ साली सेगानं मेगा ड्राइव्हची छोटी प्रतिकृती विकायला काढली, तेव्हा तिच्यात ‘डॅरियस’ हा आर्केड गेम मेगा ड्राइव्हवर नव्यानं उतरवून घातला होता. तीन पडद्यांचं ते आर्केड मशिन, आणि मेगा ड्राइव्हच्या ऐन उमेदीत जे झालं नव्हतं ते तीस वर्षांनी झालं. २०२२च्या दुसऱ्या प्रतिकृतीत ‘फँटसी झोन’ आणि ‘स्पेस हॅरियर’ असेच आले. हौशी प्रोग्रॅमर तर कुणाच्या परवानगीची वाट पाहत नाहीत. सुपर निन्टेंडोवर लुळा झालेला ‘फायनल फाइट’ त्यांनी मेगा ड्राइव्हवर धडधाकट करून दाखवला, दोघांनी खेळायच्या सोयीसकट. ओळीतले स्प्राइट वाचवायच्या, रंग निवडायच्या, चित्रं दाबून साठवायच्या युक्त्या आज तीस वर्षांच्या अनुभवानं पिकल्या आहेत, आणि मोठी कॅसेट आता स्वस्त झाली आहे. मुस्तफा मेगा ड्राइव्हवर बसेल. रंग थोडे उतरतील, गर्दी थोडी कमी करावी लागेल, पण बसेल.

तोवर त्याला जिवंत ठेवलं ते चोरवाटांनी, हे मान्य केलं पाहिजे. १९९७च्या फेब्रुवारीत निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रॅमरनं ‘मेम’ नावाचा इम्युलेटर लोकांसमोर ठेवला. जुनी आर्केड मशिनं नष्ट होण्याआधी त्यांची रचना नोंदवून ठेवावी, हा त्या प्रकल्पाचा हेतू. पुढच्या दहा वर्षांत सायबर कॅफेच्या संगणकांवर तो पोचला. साताऱ्यात पोवई नाक्याकडं परीक्षेचा निकाल बघायला म्हणून गेलेली पोरं तासभर मुस्तफा खेळून परतायची. आज टीव्हीला खोचायची हजार रुपयांची काडी मिळते. हजारो गेमच्या यादीत तो असतोच, आणि त्यातला पैसा शुल्ट्झला मिळत नाही, कॅपकॉमलाही नाही. मला हे बोचतं. ज्या माणसानं ती दुनिया हातानं रेखाटली, त्याच्या कामाचे देणेकरी आम्ही सगळे आहोत. अधिकृत पोर्ट हवा, यामागं माझं हेही एक कारण आहे.

चोरी अर्थात पार्लरपासूनच होती. आमच्याकडचे बोर्ड बहुतेक नकली. अस्सल बोर्डावर एक बॅटरी असते. आवाजाच्या प्रोग्रॅमचं कुलूप उघडणारी किल्ली त्या बॅटरीवर तगून राहिलेल्या मेमरीत ठेवलेली असते. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि बोर्ड गप्प होतो. नक्कल करणाऱ्यांनी कुलूपच काढून टाकलं होतं, त्यामुळे नकली बोर्ड टिकले. पण क्यू-साउंडची महागडी यंत्रणाही त्यांनी काढून स्वस्त चिप बसवली. इम्युलेटरवर मूळ संगीत पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते परकं वाटलं. मी लहानपणभर दुसराच मुस्तफा ऐकत होतो.

पार्लरं २००० नंतर विझत गेली. घरोघरी संगणक आले, पार्लरमध्येच प्लेस्टेशनवर ‘टेकन ३’ तासाच्या भावानं मिळू लागला. पुढं तर ‘व्हिडिओ गेम पार्लर’ या पाटीआड जुगाराची मशिनं आली आणि तो शब्द पोलिसांच्या छाप्यांच्या बातम्यांतच उरला. २००५ आणि २०१९च्या महापुरात कृष्णेचं पाणी सांगलीच्या बाजारपेठांत शिरलं. पोटमाळ्यावर नसलेलं सगळं गेलं.

एक बोर्ड मात्र पोटमाळ्यावर होता. पूर्वी चार तालुक्यांतली मशिनं दुरुस्त करणारे एक काका मिरजेत राहतात. हल्ली ते सतारमेकर गल्लीच्या अलीकडं मिक्सर आणि पंखे दुरुस्त करतात. मी या पुस्तकासाठी त्यांच्याकडं गेलो तेव्हा त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून मुस्तफा काढला. हिरवा बोर्ड, वर धुळीचा थर, कडेला सोनेरी दातांची पट्टी. ही पट्टी ‘जामा’ नावाच्या जपानी मानकाप्रमाणं असते. १९८०च्या दशकाच्या मध्यात ते ठरलं, म्हणून कुठलाही बोर्ड कुठल्याही खोक्यात बसायचा. छप्पन्न दात, आणि त्यांत दोन खेळाडूंपुरत्याच तारा.

पट्टीपासून थोडं दूर एक लहान पांढरा कनेक्टर होता. स्वच्छ. त्यात कधीच काही खोचलेलं नव्हतं.

“काका, हे कशाचं?”

“तिसऱ्याचं. तीन जणांचा गेम हाय ह्यो.”

मी लहानपणी हा गेम शेकडो वेळा खेळलो. कायम दोघं. तिसरा मित्र मागं उभा राहून आपली पाळी यायची वाट बघायचा, बहुतेक वेळा न येणारी. आमच्या सुताराच्या खोक्याला दोनच हँडलं होती, जामाच्या पट्टीत दोघांच्याच तारा होत्या, म्हणून आम्ही धरून चाललो की दुनिया दोघांची आहे. गेम मात्र पहिल्या दिवसापासून तिघांसाठी जागा ठेवून होता.

“मग तुम्ही कधी जोडलं का नाही?”

“कुणी मागितलंच न्हाई, पावणं.” काकांनी फुंकर मारून धूळ उडवली. “जागा पण लागती. तिसरं हँडल बसवायचं तर खोकं रुंद करायला पायजे.”

पुढच्या रविवारी त्यांनी ते जोडलं. खोकं नव्हतंच, जुन्या पाटावर तीन हँडलं स्क्रूनं बसवली आणि बोर्ड एका टीव्हीला लावला. मी माझ्या थोरल्या चुलतभावाला आणि कायम मागं उभ्या राहणाऱ्या त्या मित्राला बोलावलं होतं. मित्र आता कऱ्हाडला असतो, तिथून एसटीनं आला. चार चेहरे पडद्यावर आले. मुस्तफा एकालाच मिळतो, आणि आधी बटण दाबेल त्याला. भावाचा अंगठा सवयीनं पुढं गेला. मी त्याचं मनगट धरलं.

मित्रानं बराच वेळ हँडल हलवलं नाही. काका म्हणाले, “दाबा की, वेळ जातोय.” मग त्यानं दाबलं.